‘हे करू का?’ : गोव्यातल्या कौलामागचा इतिहास

मुंबईहून नोकरीचे पत्र आले, किंवा वडिलांचे दुकान सांभाळावे की गाणे शिकायला जावे असा पेच पडला, की फोंड्याकडच्या कुलदेवाच्या देवळात अजूनही प्रसाद लावतात. भटजी भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतात आणि गाऱ्हाणे घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

याला आपण कौल म्हणतो. शब्द मूळचा अरबी, अर्थ वचन. जुन्या कारभारात पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार ‘कौल’ देई, म्हणजे सारा हलका ठेवण्याचे अभय. देवाच्या उत्तरालाही तोच शब्द लागला, हे मला फार मोलाचे वाटते. देवापुढे उभा राहणारा माणूस भविष्य कमी आणि पाठबळ जास्त मागत असतो.

पूर्वी असे प्रश्न बहुतेक गावाच्या वतीने विचारले जात. गावकार, म्हणजे गावची मूळ घराणी, जमत, देव गावातच असे. सोळाव्या शतकात ही घडी मोडली. पोर्तुगीज अमलात तिसवाडी, साष्टी आणि बार्देशातली देवळे पाडली गेली, देव हलवावे लागले. 1560 च्या सुमारास मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. ही नवी ठिकाणे फोंड्यातली, आणि फोंडा तेव्हा आदिलशाहीत, म्हणजे पोर्तुगीज अमलाबाहेर होता. कुळावी, म्हणजे त्या कुलदेवांची घराणी, तर कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगले. गाव सुटलेल्या माणसाचा ‘आता पोट कशावर भरू’ हा प्रश्न तेव्हापासून त्याचा एकट्याचा झाला असावा, असे मला वाटते.

पाकळीवाचून वाट सापडलेलेही याच मातीत झाले. बाणावलीत 1651 साली जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू जोसेफ वाझ यांना सिलोनला (आजची श्रीलंका) जायचे होते. वरिष्ठांनी 1681 मध्ये कानडा प्रांतात पाठवले. ते मुकाट गेले, राबले, आणि 1687 मध्ये डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेल्या सिलोनात पोहोचले. पेडण्यातल्या पालयेचे मूळ असलेले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (जन्म 1714) बांद्याला कुलकर्णीपण करत. राजाच्या बोलावण्यावरून सावंतवाडीला निघाले असता वाटेत रानात नाथपंथी सिद्ध गहिनीनाथांची गाठ पडली अशी आख्यायिका आहे. त्यांनी चाकरी सोडली. त्यांच्या अभंगांत आतला ज्ञानदिवा मालवू नका, अशी कळकळ आहे.

कौलाची रीत या दोघांपासून वाटते तितकी दूर नाही. पाकळीला ‘काय करू?’ विचारता येत नाही, ‘हे करू का?’ एवढेच विचारता येते. त्यामुळे निम्मा निर्णय गाभाऱ्याबाहेरच घ्यावा लागतो. भटजी विचारतात, ‘नेमके काय विचारू?’ आणि घरची माणसे खांबाशी जाऊन पुन्हा एकदा आपापसांत बोलतात.