पाळीव उंदरांचा पिंजरा

पाळीव उंदरांना कायम राहण्यासाठी दिलेली बंदिस्त पण हवेशीर जागा. मराठीत ‘उंदराचा पिंजरा’ म्हटले की आधी डोळ्यांसमोर येतो तो भजे किंवा भाकरीचा तुकडा अडकवलेला सापळा. त्याचे काम एका रात्रीपुरते. येथे विचार आहे तो दोन-तीन वर्षांचे अख्खे आयुष्य ज्यात जायचे त्या घराचा. पण हे घर घेतानाही ‘उंदीर यातून पळणार नाही ना?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

उंदीर कोणता, हे आधी ठरवावे लागते. मराठीत ‘उंदीर’ या एका शब्दात अंगठ्याएवढ्या घरउंदरापासून वीतभर लांबीच्या दांडग्या प्राण्यापर्यंत सगळे येतात आणि विकताना दोघांनाही ‘पांढरा उंदीर’च म्हणतात. ही नोंद मोठ्या उंदराची आहे. तपकिरी उंदराचे (रॅटस नॉर्वेजिकस) हे माणसाळलेले रूप. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीरही तोच. घूस मात्र वेगळ्या प्रजातीची आहे. पूर्ण वाढलेल्या पाळीव उंदराचे अंग २० ते २५ सेंटिमीटर आणि शेपूट जवळपास तेवढीच. मादी साधारण २५० ते ४०० ग्रॅम भरते, नर अर्ध्या किलोच्या पुढेही जातो. दुकानात पिल्लू मुठीत मावते म्हणून घेतलेला पिंजरा तीन महिन्यांत अपुरा पडतो.

हौसेने उंदीर पाळण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील लंडनची. राणी व्हिक्टोरियाचा उंदीरपकड्या म्हणवून घेणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी ठेवून घेई, त्यांची पैदास करी आणि विकी. विकत घेणाऱ्या बायका ते खारीच्या पिंजऱ्यात ठेवत. १९०१ साली इंग्लंडमधील एल्सबरी गावच्या प्रदर्शनात मेरी डग्लस या हौशी बाईंनी आपले उंदीर मांडले आणि १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी स्थापन झाली. उंदराला स्वतःची संस्था मिळाली, घर मात्र पुष्कळदा उसनेच राहिले. तेव्हा खारीचे होते. आज आपल्याकडे ते हॅम्स्टरचे किंवा लव्हबर्डचे असते.

दुसरे उसने घर प्रयोगशाळेचे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार या संशोधन संस्थेत १९०६ पासून वाढवलेल्या वाणामुळे उंदीर हा प्रयोगाचा प्राणी झाला आणि त्याच्या जागेचे मोजमाप संशोधकांच्या सोयीने ठरले. अमेरिकी मार्गदर्शक नियमांत ४०० ते ५०० ग्रॅमच्या उंदराला किमान ३८७ चौरस सेंटिमीटर जमीन आणि १७.८ सेंटिमीटर उंची सांगितली आहे. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे कागदाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी जमीन झाली. उंचीचा प्रकार त्याहून वाईट. मोठा उंदीर मागच्या पायांवर उभा राहून अंग ताणतो, तेव्हा त्याचे नाक या छताला कधीच आपटलेले असते. २०१६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी अशा पिंजऱ्यातले उंदीर आणि माती, फांद्या व उंची दिलेले उंदीर यांची तुलना केली. मोकळ्या जागेतले उंदीर चढत, उभे राहत, रोज बीळ उकरत. कोंडलेल्यांना उभे राहता येत नव्हते, म्हणून ते अंग आडवेच ताणत आणि तेही कित्येक पट अधिक वेळा. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मूनही चढणे आणि उकरणे त्यांच्या अंगातून गेले नव्हते.

जागेचा हिशेब पाळणाऱ्यांमध्ये घनफुटांत चालतो: एका उंदरामागे दोन ते अडीच घनफूट. ८० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ८० उंच पिंजरा सुमारे ११ घनफुटांचा, म्हणजे चार उंदरांपुरता. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दीड फूट असलेल्या चौकोनी लव्हबर्ड पिंजऱ्यात ३.४ घनफूट भरतात. हिशेबाने त्यात धड दोन उंदीरही मावत नाहीत आणि एकटा उंदीर तर ठेवूच नये. हा कळपाने राहणारा प्राणी आहे. त्याला एकाच लिंगाचा किमान एक सोबती लागतो. नर-मादी एकत्र ठेवले, तर साधारण बावीस दिवसांनी हिशेब नव्याने मांडावा लागतो. घनफुटांच्या सूत्रात एक खोटही आहे. मनोऱ्यासारखा अरुंद पिंजरा आकड्यांत पास होतो, पण त्यात धावायला जमीन नसते. आधी तळ पाहावा, उंची मग.

गजांमधले अंतर हा सर्वांत कठोर निकष. उंदराची कवटी जिथून जाते तिथून बाकीचे अंग जातेच. शरीर लांबवून, बरगड्या दाबून ते सरकते. पिल्ले आणि लहान माद्यांसाठी अंतर अर्ध्या इंचाच्या, म्हणजे साधारण १२ मिलिमीटरच्या आत हवे. मोठ्या नरांना एक इंचापर्यंत चालते. लव्हबर्डच्या पिंजऱ्यात जाळी सहसा योग्य असते, पण दार वर सरकणारे. पक्ष्याला ते उचलता येत नाही, उंदराला येते: तो दात घालून थोडे वर उचलतो, नाक खुपसतो, काम झाले. आयता पिंजरा न घेता फॅब्रिकेटरकडून जाळीचा बनवून घेणे आपल्याकडे बऱ्याचदा स्वस्त पडते. अशा वेळी दार मोठे ठेवायला सांगावे. दोन्ही हात खांद्यापर्यंत आत गेले नाहीत, तर मागचा कोपरा कधी साफ होत नाही. नुसत्या जस्ताच्या जाळीत मुताचा वास मुरतो आणि मुंबई-कोकणच्या हवेत ती गंजतेही; पावडर कोटिंग केलेली जाळी पुसता येते. लाकडी फळ्या दिसायला छान, पण त्या मूत पितात.

काचेची जुनी माशांची टाकी हा फुकटात मिळणारा आणि सर्वांत वाईट पर्याय. मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि चारही बाजूंनी बंद पेटीत तो साचतो. पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुधा असतोच. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया असला तरी या जंतूचा आजार बळावतो, असे १९७६ मध्ये प्रयोगांतून दिसले. माणसाचे नाक वासाला सरावते आणि ते टाकीपासून चार फूट वर असते. उंदराचे भुशापासून बोटभर अंतरावर. डोळ्यांभोवती किंवा नाकपुडीवर तांबडा थर दिसू लागला की पाळणारे घाबरतात. ते रक्त नसते. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे ते रंगद्रव्य आहे; ताण किंवा आजार असला की ते जास्त झिरपते. शिंका आणि असा थर एकत्र दिसले तर पशुवैद्य गाठावा, पण अंथरूण आणि हवा दोन्ही त्याआधी तपासावीत.

तळ भरीव हवा. उघड्या तारेवर चालून तळपायांना कठीण फोड येतात आणि ते चिघळतात. तळावर कागदाच्या गोळ्या, रद्दीच्या चिंध्या किंवा धुता येणारे मऊ कापड घालावे. वखारीतला भुसा स्वस्त असतो, पण तो बारीक, धुळकट आणि अनेक लाकडांचा मिसळलेला. पाइन आणि सीडर या लाकडांतील वाफाळणारी द्रव्ये श्वसनमार्गाला त्रास देतात आणि यकृतावर परिणाम करतात, म्हणून ती टाळतात. परदेशी माहिती वाचून ‘आपल्याकडे सीडर कुठे?’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की देवदार हा सीडरच आहे आणि पॅकिंगच्या खोक्यांत पाइन सर्रास असते. सफाई करताना सगळे एकदम बदलू नये. उंदीर घर वासाने ओळखतो. तो वास पूर्ण पुसला की आणखी मुतून तो खुणा नव्याने उमटवतो आणि तासाभरात पुन्हा वास सुटतो. जुन्यातले मूठभर कोरडे अंथरूण ठेवले की हा प्रकार कमी होतो.

पिंजरा ठेवायचा कुठे, याचे उत्तर थंड देशांतल्या सल्ल्यांत मिळत नाही. प्रयोगशाळेत २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. उंदराला अंगभर घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता टाकतो आणि फारच तापले तर अंगाला लाळ फासतो. नागपूरच्या मे महिन्यात एवढ्याने भागत नाही. पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत, कूलरच्या थेट झोतात न ठेवता, आत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली देऊन ठेवावा. गॅलरी नकोच. तिथे ऊन, मांजर, कावळे तर आहेतच. शिवाय सांडलेल्या दाण्यांच्या वासाने बाहेरचे उंदीर जाळीशी येतात. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असलेल्या शहरात ही भेट उंदरालाही नको आणि घरच्यांनाही. पिंजरा जमिनीवर न ठेवता चौरंगावर किंवा स्टँडवर ठेवावा. मुंग्यांसाठी आजीच्या फडताळाची युक्ती अजून चालते: चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांना उजेड सोसत नाही, त्यांना दिवसभर अंधारा आडोसा लागतो.

आत काय असावे, यावर पाळणाऱ्यांची हौस उतू जाते. लपायला पुठ्ठ्याचे खोके, चढायला जाड सुती दोर, कुरतडायला लाकूड (दात आयुष्यभर वाढतात) आणि उकरायला मातीची एक कुंडी एवढे असले तरी घर सजते. सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे झोळी. जुन्या टी-शर्टाचा चौकोन चार कोपऱ्यांना अडकवला की तिघे-चौघे त्यात एकमेकांवर पडून दिवस काढतात. हॅम्स्टरचे चाक उंदराला देऊ नये, त्यात पाठ वाकते आणि आडव्या सळ्यांत शेपूट अडकते. द्यायचेच तर किमान ३० सेंटिमीटर व्यासाचे, सलग पृष्ठाचे द्यावे. उंच पिंजऱ्यात मध्ये फळ्या किंवा दुसरी झोळी असावी, म्हणजे पाय सुटला तरी उंदीर थेट तळावर आपटत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बऱ्याच उंदरांचे, विशेषतः नरांचे, मागचे पाय ओढू लागतात. वर चढणे बंद होते, पण सोबत्यांमध्ये झोपायची सवय जात नाही. तेव्हा फळ्या खाली घेतात, उतरण लावतात, पाण्याची बाटली बसल्या जागी तोंड पोचेल अशी अडकवतात आणि झोळी तळापासून चार बोटांवर बांधतात.