90 टक्के पडलेला शेअर तळाला पोचलेला असतो का?

‘800चा शेअर 80ला मिळतोय, आता अजून किती पडणार?’ नाशिकात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत फिरणारा हा जुना फॉरवर्ड. कराच्या किंवा परवान्याच्या कचाट्यात सापडलेल्या कॅसिनो कंपनीबाबत तर तो हटकून येतो. पटण्यासारखा वाटतो, पण हिशेब करून पाहा.

800चा 160 झाला म्हणजे घट 80 टक्के. 160चा 80 झाला की मूळ 800पासूनची घट 90 टक्के. म्हणजे ‘स्वस्त’ म्हणून 160ला घेणाऱ्याचे पैसे निम्मे झाले. उद्या 80चा 40 झाला, तर घट दिसेल 95 टक्के; 80ला घेणाऱ्याचे मात्र पुन्हा निम्मे गेले.

खरं उत्तर वार्षिक अहवालात असतं. ‘आकस्मिक देणी’ (पुढे भरावी लागू शकतील अशी देणी) ही टीप काढा. कंपनीने आव्हान दिलेल्या करमागण्या बहुधा तिथेच असतात, ताळेबंदाच्या बेरजेत नाही. ती रक्कम भागभांडवल अधिक राखीव निधीशी ताडा. ही बेरीज 500 कोटी आणि मागणी 900 कोटी असेल, तर मागणी कायम राहिल्यास भागधारकाच्या वाट्याला काय उरणार? प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर तिमाही भागधारणा तक्त्यात दिसतात, तेही बघाच.

स्टॉप-लॉसवर, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर आपोआप विकायच्या ऑर्डरवर, विसंबू नका. लोअर सर्किटला, म्हणजे दिवसभरात भाव पडू शकतो त्या खालच्या मर्यादेला, खरेदीदारच नसतो; ऑर्डर तशीच पडून राहते आणि दिवसअखेर रद्द होते.