द्राक्ष बागायतदार संघाचे पदाधिकारी आणि त्यांची वाटचाल

द्राक्ष बागायतदार संघाचा पदाधिकारी म्हणजे आधी द्राक्षाचा शेतकरी, आणि मग बाकीच्या शेतकऱ्यांनी आपल्या वतीने बोलायला पुढे केलेला माणूस. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून हा संघ काम करतोय, मुख्य ऑफिस पुण्यात आणि नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर असे चार विभाग. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, मानद सचिव, विभागीय अध्यक्ष, संचालक अशी पदं असतात, पण ही नोकरी नव्हे, घरची बाग सांभाळून वरचा वेळ काढून करायचं काम आहे. मुंबईत बसून हे लिहायचं कारण एवढंच की मुंबईत द्राक्षाची बाग नसली तरी या लोकांच्या आयुष्यातला बराच मोठा भाग इथेच जातो, वाशीच्या फळ मार्केटात, न्हावाशेवाच्या बंदरात आणि मंत्रालयाच्या जिन्यांवर.

सुरुवात सगळ्यांची प्लॉटपासून. द्राक्षात मोठेपणा भाषणाने मिळत नाही, तुझी बाग बघायला लोक येतात का यावर मिळतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मध्ये घड धरणारी काडी तयार करायची, मग पेस्टिंग म्हणजे डोळे फुटायला काडीला औषध लावणं, फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढणं, जीएचं डिपिंग म्हणजे वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, मण्यांची विरळणी, आणि या सगळ्यात डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग डोक्यावर बसलेले. एक रात्र पाऊस आणि धुकं आलं की वर्षाचा माल हातचा जातो. अशा धंद्यात ज्याच्या बागेत सलग चार वर्षं बाकीच्यांपेक्षा बरा माल निघतो त्याच्या बांधावर गाड्या लागायला लागतात, लोक त्याला आण्णा, नाना, भाऊ म्हणून विचारायला लागतात, आणि खरं सांगायचं तर नेतृत्व तिथेच ठरतं, निवडणूक नंतर होते.

त्यात नवीन वाण काढणाऱ्यांचा मान वेगळाच. आपण जी द्राक्षं खातो त्यातल्या बऱ्याच जाती शेतकऱ्यांनीच आपल्या बागेत निवडलेल्या आहेत हे मुंबईत फार कमी लोकांना माहीत असतं. थॉमसन सीडलेससारख्या जुन्या जातीच्या बागेत एखादी काडी वेगळी दिसली, मणी लांब निघाला, ती काडी जपली, वाढवली आणि जात तयार झाली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिली, तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्याकडून तास-ए-गणेश आली. अशा घरांतली पुढची पिढी संघाच्या कामात दिसली तर त्यात नवल नाही. लहानपणापासून घरात पाहुणे म्हणून दुसऱ्या तालुक्यातले बागायतदारच आलेले असतात आणि जेवताना गप्पा पण काडीच्याच.

दुसरी पायरी चर्चासत्र. छाटणीच्या आधी संघाची विभागवार चर्चासत्रं होतात, ऑगस्टच्या आसपास पुण्यात मोठं वार्षिक अधिवेशन असतं, आणि माणूस इथे लोकांच्या नजरेत येतो. मी मामाबरोबर निफाड तालुक्यातल्या अशा एका कार्यक्रमाला गेलेलो, स्टेजवर शास्त्रज्ञ बोलत होते आणि मधल्या सुट्टीत एक जण प्लास्टिकच्या पिशवीतून पानं घेऊन आला, वरून तेलकट पिवळे डाग. तिथल्या एका संचालकांनी हातातला चहाचा कप बाजूला ठेवला, पान उलटं केलं, खालची पांढरी बुरशी बोटाने पुसून बघितली आणि विचारलं, फवारणी कधी झाली, पाऊस कधी झाला, त्यानंतर किती तास पान ओलं होतं. औषधाचं नाव सगळ्यात शेवटी सांगितलं. मामा मला म्हणाले, हा माणूस पुढे जाणार, आणि तो गेला पण, दोन-तीन वर्षांत विभागाचं काम बघायला लागला. मला वाटतं संघाची खरी परीक्षा हीच आहे, पान उलटं करून बघायला येतं का.

संचालक झाल्यावर साधारण वाट अशी असते की आधी विभागाच्या समितीत, मग खजिनदार किंवा सचिव, मग विभागीय अध्यक्ष, मग मध्यवर्ती कार्यकारिणीत उपाध्यक्ष आणि त्यानंतर अध्यक्ष. अध्यक्ष वेगवेगळ्या विभागांतून आलेले दिसतात आणि ते बरोबरच आहे, कारण सांगलीवाल्याचं दुखणं बेदाण्याचं, नाशिकवाल्याचं एक्सपोर्टचं, जुन्नर-नारायणगावचं काळ्या जंबो मालाचं आणि सोलापूरचं पाण्याचं. चौघांचं ऐकून घेता आलं पाहिजे. सचिवपदाला बाहेरून कोणी फार विचारत नाही पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं, हिशोब, सभासदांच्या तक्रारी, संघाच्या मासिकाचा मजकूर, शास्त्रज्ञांच्या तारखा, सगळं त्याच्याच गळ्यात.

येणारी माणसं पण एका साच्यातली नसतात. काही जण राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकून नोकरी सोडून बागेत परतलेले, त्यांना शास्त्रज्ञांची भाषा कळते म्हणून पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी, जे १९९७ ला सुरू झालं, बोलणं सोपं जातं. काही जण सोसायटी, बाजार समिती, साखर कारखाना असं करत आलेले, त्यांच्याकडे मंत्रालयात कुठल्या मजल्यावर कुठली फाईल अडते याची माहिती असते आणि गारपीट झाली की ती माहिती फार कामाची ठरते. राजकारणातून आला म्हणून माणूस वाईट असं मी म्हणणार नाही, फक्त त्याने छाटणीच्या दिवसात बागेत असलं पाहिजे, नाहीतर सभासद लगेच ओळखतात.

आणि मग एक्सपोर्टवाले. १९९१ ला महाग्रेप्स उभी राहिली, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन युरोपला माल पाठवायला लागल्या, सुरुवातीला बरेच चटके बसले कारण प्रीकूलिंग म्हणजे काय, तोडल्यावर माल किती तासांत थंड करायचा, हे सगळं नवीन होतं. त्या काळात ज्यांनी पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज उभं केलं त्यातले बरेच जण पुढे पुढारी झाले. इथे एक अडचण असते ती मोकळेपणाने मांडली पाहिजे, शेतकरी म्हणून रेट वर हवा आणि निर्यातदार म्हणून खरेदी खाली हवी, एकाच माणसाने दोन्ही बाजू सांभाळायच्या म्हणजे कठीण. निर्यातदारांची संघटना वेगळी आहे हे त्यामुळे चांगलंच.

पुढारी घडतो किंवा मोडतो तो संकटात. २०१० साल जुने लोक विसरलेले नाहीत. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, खरड छाटणीनंतर काडीत घड चांगला यावा म्हणून वापरायचे, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, आणि युरोपात माल पोचल्यावर तिथल्या लॅबमध्ये त्याचा अंश सापडला. कंटेनर तिकडे अडकले, शेतकऱ्याने सगळे नियम पाळलेले आणि तरी पैसे बुडाले. तेव्हा जे पदावर होते त्यांचे दिवस पुणे, मुंबई, दिल्ली अशा फेऱ्यांत गेले, आणि उर्वरित अंश, लॅबचा रिपोर्ट, ट्रेसेबिलिटी म्हणजे माल कुठल्या बागेतला ते शोधता येणं, हे शब्द बांधावरच्या बोलण्यात पक्के बसले. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा परत तेच, भाडं वाढलं, दिवस वाढले आणि देठ हिरवा राहील का याची काळजी. न्हावाशेवाहून सुटलेल्या कंटेनरमध्ये आपला माल शून्य डिग्रीच्या आसपास श्वास घेत पडलाय आणि आपण काही करू शकत नाही, ही भावना ज्याने अनुभवली आहे त्यानेच या विषयावर सरकारशी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

वाशीचं शिक्षण वेगळं. पहाटे चारला गाडी लागते, व्यापारी एक पेटी उघडतो, घड देठाला धरून उचलतो आणि हलका झटका देतो, खाली किती मणी पडले ते बघतो, आणि वर्षभराच्या कष्टाचा भाव दहा सेकंदांत ठरतो. मामांच्या एका वर्षाच्या मालाची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा हिशोबाचा कागद, आम्हाला महिनाभर आलीच नाही आणि आली तेव्हा रेट बोलल्यापेक्षा कमी लावलेला. मामांनी तो कागद अजून घडी करून ठेवलाय. असे अनुभव घराघरात आहेत, म्हणून बांधावर येऊन सौदा करून पैसे न देता पळणाऱ्या व्यापाऱ्यांचा विषय संघाच्या प्रत्येक बैठकीत निघतो. २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत म्हणजे दलाली शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, पण उधारीवर दिलेला माल तर तसाच राहिला. ज्या पदाधिकाऱ्याने स्वतः वाशीला गाडीत झोपून रात्र काढली आहे त्याचा या विषयावर बोलताना आवाज वेगळा असतो.

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. विरळणी, डिपिंग, पॅकिंग, बागेतलं नाजूक हाताचं बहुतेक काम बायका करतात, आणि मालक घरातल्या कितीतरी बायका पूर्ण बाग एकटीने चालवतात. तरी स्टेजवरच्या खुर्च्यांवर त्या फार थोड्या दिसतात. सातबाऱ्यावर नाव नाही, चर्चासत्राला नवरा जातो, मग ओळख कशी होणार. ही वाट सुरुवातीलाच बंद आहे आणि ती उघडणं संघांच्या हातात आहे.

पद संपल्यावर कोणी रोपवाटिका काढतं, कोणी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, कोणी सल्लागार होऊन तालुके फिरतं, कोणी शेतकरी उत्पादक कंपनीत जातं. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीने हा रस्ता किती लांब जाऊ शकतो ते दाखवलं आहे, तिचे संस्थापक विलास शिंदे यांची वाट संघापेक्षा वेगळी असली तरी तरुण बागायतदार आता दोन्ही रस्ते शेजारी ठेवून विचार करतात. थोडे जण निवडणुकीला उभे राहतात. बाकी बहुतेक जण परत आपल्या बागेत, आणि फोन मात्र चालूच राहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाशिककडे गारा पडल्या त्या रात्री मामांनीही विभागाच्या एका जुन्या अध्यक्षांनाच फोन लावला, पद सोडून त्यांना कित्येक वर्षं झालेली, पण त्यांनी एका रिंगमध्ये उचलला आणि नमस्कार वगैरे न करता विचारलं, फुलोरा आहे का मणी सेट झालेत?