जड बोल्ट: दोष रायफलीचा की काडतुसाचा?

बोल्ट-अॅक्शन शिकारी रायफलीचा बोल्ट, म्हणजे दांडीने हाताने मागेपुढे सरकवून नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, जड चालतो, या एकाच तक्रारीमागे दोन निराळी कारणे असू शकतात: एकतर रायफलीचेच भाग एकमेकांवर घासत असतात, किंवा झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, आवळून बसलेली असते. दोन्हींवर तेल घालणे हा एकच उपाय समजला जातो आणि तो दुसऱ्या बाबतीत घातक ठरू शकतो.

प्रथम रायफल पूर्ण रिकामी करावी, चेंबर डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून खात्री करावी आणि नळी सुरक्षित दिशेला धरावी. मग बोल्ट बंद करून चाप ओढावा व बोल्टची दांडी उचलावी. त्यानंतर बोल्ट पुन्हा बंद करून, चाप न ओढता, दांडी उचलावी. १८९८ च्या जर्मन माउझर रचनेत आणि तिच्यावर बेतलेल्या रायफलींत दांडी उचलतानाच फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आदळून ते पेटवणाऱ्या खिळीची) स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळे पहिल्या खेपेस जोर लागणे स्वाभाविक आहे. मात्र हाताला खरखर जाणवली, तर स्प्रिंग दाबणाऱ्या तिरप्या खाचेवरचे वंगण सुकलेले असण्याचा संभव अधिक. दोन्ही खेपांस बोल्ट जड असेल, तर बोल्टच्या लगांमागील (बोल्टला बंद स्थितीत अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांमागील) काजळी, वाळू किंवा घट्ट झालेले जुने ग्रीस पुसून काढावे आणि तेथे ग्रीसचा पातळ थर द्यावा. इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या .३१५ रायफलीची रचना ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या पद्धतीची असल्याने तिची स्प्रिंग बोल्ट बंद करताना दाबली जाते. तेथे तो जोर लागला म्हणून दुरुस्ती काढू नये.

रिकामा असताना हलका चालणारा बोल्ट गोळी झाडल्यावरच अडत असेल, तर पुंगळी तपासावी. गोळी सुटताना पुंगळीचे पितळ दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते आणि दाब उतरताच किंचित आकसते. दाब फार चढला, तर ते पुरेसे आकसत नाही. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला असेल किंवा प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी) सपाट झाला असेल, तर गोळीबार तत्काळ थांबवावा. केवळ सपाट प्रायमर हा पक्का पुरावा नव्हे, पण जड बोल्टच्या जोडीला तो दिसला, तर दुर्लक्ष करणे मला मान्य नाही. उन्हात तापलेली काडतुसे, जास्त भरलेली दारू किंवा खरखरीत, गंजलेले चेंबर ही नेहमीची कारणे आहेत. चेंबरमध्ये तेल राहिल्यास पुंगळीची भिंतीवरील पकड सुटते आणि मागे येणारा धक्का बोल्टवर अधिक पडतो. म्हणून चेंबर कोरडेच हवे.

दांडीवर हातोडा मारून बोल्ट उघडणारे पुष्कळदा त्याच पेटीतले पुढचे काडतूस भरतात. तसे न करता ती पेटी बाजूला ठेवावी आणि अडकलेल्या पुंगळीसह रायफल परवानाधारक कारागिराला दाखवावी.