परमिशन डिनाइड

सॉफ्टवेअरने एखादी फाइल वाचायला, लिहायला किंवा चालवायला मागितली आणि ऑपरेटिंग सिस्टिमने तोंडावर नाही म्हटलं की जो एरर येतो तो हा. लिनक्समध्ये याचा नंबर 13, विंडोजमध्ये 5. फाइल गायब नसते, खराबही नसते, मागणाऱ्याला हक्क नसतो एवढंच, पण सगळे फाइलकडेच टक लावून बसतात आणि सॉफ्टवेअर कोणाच्या नावाने चालतंय ते कोणी बघत नाही.

लिनक्सवर फाइलला एक मालक, एक ग्रुप, आणि मग बाकीचे. वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा 1, बेरीज करायची, तिघांचे तीन आकडे ओळीने लिहायचे, म्हणजे 644 ला मालक वाचतो-लिहितो आणि बाकी नुसते वाचतात. फोल्डरवर मात्र त्या 1 चा अर्थ आत शिरायची मुभा, आणि ती वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर लागते. वाड्याच्या दिंडीलाच कुलूप असेल तर माजघरातलं कपाट उघडं असून काय कामाचं?

धरणगावकडे एका जिनिंगवर ऐन सीझनमध्ये काटापावती सेव्ह होईना, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि काट्यावरचा पोरगा एकच म्हणे, "भो, काल तर चालू होतं ना!" काल चालू होतंच, पण रात्री कोणीतरी सुडो (sudo, म्हणजे कमांड रूटच्या हक्काने चालवणं; रूट हा लिनक्सचा सर्वेसर्वा युजर) लावून बॅकअप परत टाकला, त्यामुळे पावत्यांचं फोल्डर रूटच्या नावावर गेलं आणि सॉफ्टवेअर चालतं उबंटू या लिनक्सच्या वेबसर्व्हरवाल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (www-data) युजरने. फाइलींची यादी मालकासकट दाखवणारी एलएस -एल (ls -l) कमांड मारल्यावर मालकाच्या जागी रूट दिसलं, चाऊन (chown) कमांडने मालक बदलला, दोन मिनिटांचं काम. त्याआधी अर्धा तास मी प्रिंटरच तपासत होतो ते सोडा.

घाईत लोक चमॉड (chmod, परमिशनचे आकडे बदलायची कमांड) 777 मारतात, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. एरर जातो हे खरं, पण मग त्या मशीनवरचा कोणताही युजर, कोणताही प्रोग्रॅम तिथे काहीही लिहू शकतो, म्हणजे किल्ली हरवली म्हणून दरवाजाच काढून ठेवल्यासारखं. त्यापेक्षा नेमआय -एल (namei -l) कमांडला फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता, द्यायचा, वाटेतल्या सगळ्या फोल्डरचे मालक आणि परमिशन एकाखाली एक दिसतात, अडलेलं लगेच सापडतं.

पेनड्राइव्हवर चमॉड लागतच नाही, कारण त्यावर बहुतेकदा असणाऱ्या फॅट32 या फाइल साठवायच्या पद्धतीत मालक-परमिशन साठवायची सोयच नसते, ते माउंट करतानाच, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमला जोडतानाच ठरतं. आणि फेडोरासारख्या लिनक्स सिस्टिमवर आकडे, मालक सगळं बरोबर असूनही नकार आला तर एसईलिनक्सवर (SELinux, फाइलवरच्या लेबलवरून परवानगी ठरवणारा वेगळा पहारा) संशय घ्यावा: युजरच्या होम फोल्डरमधून एमव्ही (mv) कमांडने हलवलेली फाइल जुनं लेबल सोबत घेऊन येते, तिथे लेबल दुरुस्त करणारी रिस्टोरकॉन (restorecon) कमांड चालवावी लागते.