शेवटचं टीटी कधी घेतलंत?

गणपती गेल्यावर मखर सोडवत होतो. पाट्यांतला एक खिळा चपलेतून थेट तळव्यात घुसला. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, "शेवटचं टीटी कधी घेतलंत?" मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी दंडात घेतलं होतं की!" ते बी-12चं होतं. बाकावरच्या एका आजोबांनी न विचारताच निकाल दिला, "सहा महिने होऊन गेले असतील तर घ्यायलाच लागतं."

टीटीचा, म्हणजे धनुर्वाताच्या लशीचा, हा सहा महिन्यांचा हिशेब आपल्याकडे घरोघरी पाठ आहे, आणि तो चुकीचा आहे. लहानपणापासूनचे डोस पुरे झाले असतील तर साध्या, स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसनंतर 10 वर्षं आणि खोल किंवा मातीने भरलेल्या जखमेला 5 वर्षं काही घ्यावं लागत नाही. उलट रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) भरपूर असताना पुन्हा टोचलं, तर काहींचा दंड टरारून सुजतो. लसीतलं प्रथिन आणि प्रतिपिंडं यांचे गठ्ठे तिथेच साचतात, त्याची ही सूज. लोक म्हणतात, "इंजेक्शन चांगलं लागलं."

दुसरा गैरसमज गंजाचा. गंजाने धनुर्वात होत नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूमुळे. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षं टिकून असतात. या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे उघड्या खरचटण्यापेक्षा खिळ्याने केलेलं अरुंद, खोल भोक त्याला फार सोयीचं. खिळा चकचकीत नवा असला तरी फरक पडत नाही. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावायची जुनी रीत होती. ती म्हणजे या बीजाणूंना दिलेलं आमंत्रणच. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांच्या जोरावर 2015मध्ये भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. बीजाणू मात्र मातीत होते तिथेच आहेत.

जखमेत बसून हा जिवाणू एक विष तयार करतो. माणसाला मारायला ते वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम पुरतं. साखरेच्या एका दाण्याएवढ्या वजनात काही हजार माणसांचा हिशेब होईल. हे विष चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरतं आणि तंतूंच्या आतूनच उलटं वर, मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथे स्नायूंना 'आता सैल हो' सांगणारी रसायनं सोडणारं एक प्रथिन ते कापून टाकतं. गाडीचा ब्रेक तुटावा तसं होतं. आधी दातखिळी बसते, मग पाठ मागे वाकून शरीराची कमान होते. धनुष्यासारखं वाकवणारा, म्हणून धनुर्वात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हे विष इतक्या कमी मात्रेत मारतं, की त्या मात्रेची शरीराच्या रक्षकांना नीट दखलच घेता येत नाही. गोवर एकदा होऊन गेला की माणूस बहुधा जन्मभर सुटतो. धनुर्वातातून वाचलेल्याला मात्र बरं झाल्यावरही लस घ्यावी लागते, कारण आजाराने त्याला काहीच शिकवलेलं नसतं. लशीत तेच विष फॉर्मॅलिनने निकामी करून भरपूर मात्रेत दिलेलं असतं. आजार देऊ शकत नाही तो धडा लस देते.

हा धडा गिरवला जातो काखेतल्या लसिका गाठीत. तिथल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी म्हणजे फुटपाथवरचे किल्लीवाले समजा. प्रत्येकाकडे एकेक किल्ली आणि समोर एकच कुलूप, ते निकामी विष. सुरुवातीला किल्ल्या जेमतेम लागतात. मग एआयडी नावाचं विकर (एन्झाइम) या पेशींच्या प्रतिपिंड-जनुकात मुद्दाम चुका पाडू लागतं, पेशींत एरवी होणाऱ्या चुकांच्या जवळजवळ 10 लाख पट वेगाने. म्हणजे हजारो किल्लीवाले डोळे मिटून कानस चालवताहेत. बहुतेकांच्या किल्ल्या बिघडतात. ज्याची थोडी अधिक चपखल बसते, त्याला टी-पेशी जगण्याचा इशारा देतात आणि तो पुन्हा घासायला बसतो, बाकीचे मरतात. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण शिकलो. इथे ती तुमच्या काखेत काही आठवड्यांत उरकते. दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे ठेवायचे ते याचसाठी. घाईने दुसरा डोस दिला तर घासणं अर्धवट राहतं.

या शर्यतीतून दोन तऱ्हेच्या पेशी निघतात. एक, स्मृतिपेशी. पुन्हा गाठ पडली की त्या जाग्या होतात. दुसऱ्या, प्लाझ्मा पेशी. त्या हाडांच्या मगजात मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहतात. धनुर्वातात स्मृतिपेशींचा भरवसा धरता येत नाही. विष मूठभरही नाही, त्यात त्यांना जाग येऊन कामाला लागेपर्यंत ते चेतातंतूत शिरलेलं असतं, आणि तंतूच्या आत प्रतिपिंडांचा हात पोचत नाही. म्हणून रक्तात प्रतिपिंडांचा तयार साठा हवा. 2007मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धनुर्वाताचा हा साठा निम्मा व्हायला सुमारे 11 वर्षं लागतात असं दिसलं. म्हणजे बूस्टर घ्यायचा तो आठवण उजळायला नव्हे, टाकी भरायला.

टाकीत किती उरलंय हे बाहेरून दिसत नाही. शेवटची तारीख माहीत असली तरच अंदाज येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या गळ्यातल्या धातूच्या बिल्ल्यावर नाव, रक्तगट आणि 'टी' अक्षरापुढे धनुर्वाताच्या लशीची सालं ठोकलेली असत. बेशुद्ध सैनिकाला कोण विचारणार? जखमी लाखोंनी होते, आणि त्या अख्ख्या युद्धात अमेरिकी सैन्यात धनुर्वाताचे रुग्ण निघाले 12.

आपण कोरोनाचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून कपाटात ठेवलं, पण टीटीचं साल कुणाला सांगता येत नाही. मुलांचं तरी बरं आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर 6, 10, 14 आठवड्यांचे डोस, दीड आणि पाच वर्षांचे बूस्टर, 10 आणि 16व्या वर्षीचं टीडी, सगळ्याला चौकटी आहेत. (टीटीची जागा आता टीडीने घेतली आहे, त्यात घटसर्पाचीही लस असते. बोलण्यात ती टीटीच राहिली.) ते कार्ड लॅमिनेट करू नका, पुढचे डोस लिहायचे असतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि नोंद यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, झाली का ते सिस्टरना विचारा. पोरगी अमेरिकेला शिकायला निघाली की हेच कार्ड शोधत आईबाप माळ्यावर चढतात. मोठ्यांसाठी चौकटच नसते, म्हणून कागदावर लशीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख मागून घ्यावी.

नोंद नसेल तर वैद्यकाचा नियम रोखठोक आहे: 'माहीत नाही' म्हणजे 'एकही नाही'. त्यामुळे मला एका दंडात टीडी मिळालं आणि दुसऱ्यात टीआयजीची 250 एककं. टीआयजी म्हणजे लस घेतलेल्या दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. लशीपेक्षा कितीतरी महाग, आणि साधारण महिनाभरात ती निम्म्यावर येतात. शिवाय चार आठवड्यांनी दुसरा डोस, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी आईने हात धरून नेऊन टोचून आणलेल्या ट्रिपलचा (त्यात धनुर्वाताचीही लस असते) हिशेब शून्य.

निघताना कंपाउंडरला म्हटलं, तारीख लिहून द्या. त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं: टी.डी., 14/9. मी म्हटलं, "साल?"

"साल काय," ते म्हणाले, "लक्षात राहतंच की."