गोव्यातील शिवस्मारके

छत्रपती शिवाजी महाराज (१६३०–१६८०) यांच्या गोव्यातील राजकारणाशी निगडित मंदिरे व किल्ले, तसेच त्यांच्या स्मरणार्थ पुढे उभारलेले पुतळे. महाराजांच्या हयातीत त्यांच्या आज्ञेने घडलेली ठिकाणे मोजकी आहेत. पुतळे मात्र १९६१ च्या गोवामुक्तीनंतरचे आणि संख्येने पुष्कळ. पुतळे हमरस्त्यावर असल्यामुळे प्रवाशाला आधी तेच दिसतात. तरीही महाराजांनी गोव्यात नेमके काय केले हे जाणून घ्यायचे असेल, तर सुरुवात डिचोली तालुक्यातील नार्वे गावापासून करावी.

नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेला असे. मूळ मंदिर मांडवीतील दिवाडी बेटावर होते. बहामनी स्वारीत ते मोडले आणि १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पाडले. त्यानंतर शिवलिंग विहिरीच्या कामाला लावले होते, अशी आठवण गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भाविकांनी ते गुपचूप नदीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या डिचोली महालात नेले. जवळजवळ शंभर वर्षे देव तिथे साध्याशा जागी राहिला.

१६६८ च्या पावसाळ्यानंतर महाराज या भागात आले. त्यांची माणसे वेषांतर करून गोवा शहरात (आजचे जुने गोवे) शिरत असल्याची वार्ता पोर्तुगीज व्हाइसरॉयला लागली आणि तो बेत फसला, असे इतिहासकार सांगतात. शहर हाती आले नाही, परंतु त्याच मुक्कामात देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा झाली. नार्व्याच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी ही तिथी आणि शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याची नोंद आहे. इंग्रजी कालगणनेने ती तारीख १३ नोव्हेंबर १६६८ धरतात. पोर्तुगीजांनी हुसकावलेल्या देवाला त्यांच्याच सीमेला लागून, नदीच्या या काठावर हक्काचे घर बांधून देणे हा भक्तीचा भाग होताच. शेजारच्या सत्तेला दिलेला उघड इशाराही होता. एवढी मोजकी अक्षरे एवढे सांगून जातात, म्हणून गोव्यातील सर्व शिवस्मारकांत या शिलालेखाचे मोल सर्वांत मोठे मानले पाहिजे.

मंदिर बेताचे आहे. चिऱ्यांच्या भिंती, कौलारू सभामंडप, गाभाऱ्यावर घुमट, अंगणात दीपस्तंभ. लिंग पैलूदार असून त्याला धारालिंग म्हणतात. राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगा तीर्थावर स्नानासाठी मोठी गर्दी होते. डिचोली–मये रस्त्याने इथे सरळ येता येते, पण जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला उतरून, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला यावे. देवाने केलेला नदीपार प्रवास त्यामुळे नीट ध्यानात येतो.

दुसरे ठिकाण फोंडा. आदिलशाहीचा फोंड्याचा किल्ला घेण्याचा १६६६ मधील प्रयत्न फसला होता. १६७५ मध्ये महाराजांनी वेढा घातला, सुरुंग लावले आणि मे महिन्यात किल्ला घेतला. या वेढ्यात पोर्तुगीजांनी आतल्या शिबंदीला चोरून रसद पाठवली होती. फोंड्यापाठोपाठ कारवार, अंकोल्यापर्यंतचा मुलूख स्वराज्यात आला. पुढे नोव्हेंबर १६८३ मध्ये याच किल्ल्यावर चालून आलेल्या व्हाइसरॉयला छत्रपती संभाजी महाराजांनी माघार घ्यायला लावली. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ मध्ये, आणि डिचोली, सत्तरी, पेडणे त्यानंतर. तोवर बाटाबाटीचा जोर ओसरला होता. अंत्रुज महालातील, म्हणजे फोंडा परिसरातील, देवळे टिकली याचे एक मोठे कारण हेच आहे. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे मंदिर तर शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७३८ मध्ये उभे राहिले.

जुन्या किल्ल्याचे आज फारसे काही उरलेले नाही. त्याची आठवण म्हणून फोंड्याजवळ फर्मागुडी येथे किल्ल्याच्या धर्तीवर स्मारक बांधून त्यात महाराजांचा पुतळा बसवला आहे. १९ फेब्रुवारीला राज्यपातळीवरचा शिवजयंती सोहळा इथेच होतो. जवळच गोपाळ गणपतीचे देऊळ आहे. पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांनी ते १९६६ मध्ये बांधून घेतले. शाळांच्या सहली आणि मंगेशी, म्हार्दोळच्या देवदर्शनाला निघालेली कुटुंबे फर्मागुडीला थांबतात. अनेकांची शिवदर्शनाची फेरी इथेच संपते, ही खेदाची गोष्ट आहे.

अलीकडे गावोगावच्या चौकांतही पुतळे उभे राहिले आणि त्यांवरून वादही झाले. जून २०२३ मध्ये कळंगुट येथे पुतळा हटवण्याच्या पंचायतीच्या आदेशावरून, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सां जुझे दि आरियाल येथे पुतळा बसवण्यावरून तणाव निर्माण झाला. जागेची परवानगी हा वादाचा उघड मुद्दा होता. त्यामागे इतिहासाच्या दोन वेगळ्या आठवणी आहेत. नोव्हेंबर १६६७ मध्ये मराठी फौजेने पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशवर (उत्तर गोव्यातील तालुका) स्वारी केली. स्वराज्याविरुद्ध वागणाऱ्या देसायांना पोर्तुगीजांनी आसरा दिला होता, हे तिचे कारण. या स्वारीत माणसे मारली गेली, काही कैद झाली आणि डिसेंबरातल्या तहाने कैद्यांची सुटका झाली. एका काठावर महाराज देवांचे रक्षक म्हणून पूजले जातात, तर दुसऱ्या काठावरच्या काही ख्रिस्ती गावांत स्वारीची आठवण रेंगाळते. दोन्ही आठवणी खऱ्या घटनांतून आल्या आहेत. पुतळा उभारणाऱ्यांनी शेजारच्या गावकऱ्यांशी आधी बोलणे करणे महाराजांच्या नावाला साजेसेच ठरेल.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेले ठिकाण म्हणजे केपे तालुक्यातील बेतूलचा किल्ला. साळ नदीच्या मुखाशी १६७९ मध्ये महाराजांच्या आज्ञेवरून बाळ्ळीच्या हवालदाराने तो बांधला. नदीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी (दक्षिण गोव्यातील आजचा सालसेत तालुका) होती. त्यामुळे खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर इथून नजर ठेवता येई. फोंड्याचा किल्ला जिंकलेला, नार्व्याचे देऊळ जीर्णोद्धाराचे. बेतूलचा कोट मात्र महाराजांनी गोव्यात मुळापासून बांधवून घेतलेला. बुरूज आणि तोफ एवढेच आता पाहण्यासारखे शिल्लक आहे. मडगावहून चिंचणी, असोळणामार्गे बेतूलला पोहोचता येते. बुरुजाचे चिरे जुने असल्याने त्यांवर चढू नये, आणि भरतीच्या वेळी खाडीचे तोंड मुद्दाम पाहावे. किल्ल्यासाठी हीच जागा का निवडली, हे तेव्हा उमगते.